ओळखीच्या डोंगरात पुन्हा, या वेळी खेचरावरून

निघायच्या महिनाभर आधी मी आणि माझी जुनी मैत्रीण आपापल्या घरी कोरा कागद घेऊन बसलो आणि आठवणीतून नकाशा काढला. अट एकच होती, फोन करून एकमेकींना काही विचारायचं नाही. पायथा, पहिला ओढा, खिंड, वरचं पठार, मुक्कामाच्या जागा, पलीकडची उतरण. भेटल्यावर कागद शेजारी शेजारी ठेवले. तिच्या नकाशात ओढा खिंडीच्या अलीकडे, माझ्यात पलीकडे. तिला ३ मुक्काम आठवत होते, मला ४. मी जिथे मोकळं माळरान काढलं होतं, तिथे तिने दाट झाडी रंगवली होती. या डोंगरात आम्ही ऐन विशीत ७ वेळा पायी गेलो होतो. शेवटचं जाणं ३१ वर्षांपूर्वीचं. डोळे मिटून जाऊ, असं दोघीही इतकी वर्षं म्हणत होतो.

जुन्या डोंगरात परत जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे कागद काढायला सांगते. नवख्या डोंगरात माणूस सावध असतो, पाऊल टाकण्याआधी बघतो. ओळखीच्या डोंगरात तो बघत नाही, आठवतो. आणि ३० वर्षांत दरडी कोसळतात, ओढे पात्र बदलतात, जिथून जनावरं जाणं बंद झालं त्या वाटा झुडपांखाली जातात. म्हणून दोन्ही कागद आजच्या, उंचीच्या रेषा असलेल्या नकाशावर ताडून बघा. जिथे तुमची दोघांची आठवण वेगळी आहे तिथे खूण करा. जिथे ती जुळते पण नकाशाशी जुळत नाही, तिथे ठळक खूण करा. आम्ही त्या सहलींच्या गोष्टी एकमेकींना इतक्या वेळा सांगितल्या आहेत की तिची आठवण कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, हे आता कळत नाही. दोघींना सारखंच आठवलं म्हणून ते खरं ठरत नाही.

जुना कागदी नकाशा असेल तर तो जरूर बरोबर घ्या, पण होकायंत्र त्याच्यावर लावू नका. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला कोन वर्षानुवर्षं सरकत असतो. जुन्या नकाशाच्या समासात छापलेला कोन छपाईच्या वर्षाचा. एका अंशाची चूक किलोमीटरमागे साधारण १७ मीटर बाजूला नेते. मोकळ्या पठारावर त्याने फार बिघडत नाही, पण धुक्यात डोंगराच्या दोन सारख्या दिसणाऱ्या सोंडांमधून, म्हणजे खाली उतरत जाणाऱ्या फाट्यांमधून, एक निवडायची असेल तेव्हा बिघडतं.

खेचरच का

माझ्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. चढ चढते, उतार मात्र जमत नाही. मैत्रिणीला पाठीवर ओझं घेऊन चालायची मनाई आहे. घोड्याचा विचार केला होता, पण अरुंद, दगडगोट्यांच्या वाटेवर मला खेचराइतका भरवसा दुसऱ्या जनावराचा वाटत नाही.

खेचराचा बाप गाढव आणि आई घोडी. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. ही विषम संख्या नीट जोड्या लावू देत नाही, म्हणून खेचराला बहुतेक कधीच पिल्लू होत नाही. आईकडून त्याला उंची आणि ताकद येते. बापाकडून येतात अरुंद, उभट आणि कठीण खूर, कमी चाऱ्यावर भागवणारं पोट आणि एक स्वभाव, ज्याला लोक हट्टीपणा म्हणतात. घोडा घाबरला की पळतो. गाढव घाबरलं की थांबतं आणि बघतं. खेचरात हे थांबणं उतरलेलं असतं. कड्याच्या कडेला पळणारं जनावर हवं की थांबणारं, हे ज्याने त्याने ठरवावं. मी ठरवलं आहे.

चार्ल्स डार्विनने १८३५ साली अँडीज पर्वत खेचरांवरून ओलांडला. त्याच्या तांड्यात १० खेचरं होती, ६ बसायला आणि ४ सामानाला, आणि त्यांची कामं आळीपाळीने बदलत. पुढे गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी असे. खेचरं त्या घंटेमागे जात, रात्री चरायला सोडली तरी सकाळी त्या आवाजाशी गोळा होत. सपाटीवर एका खेचरावर ४१६ पौंड ओझं लादत आणि डोंगरात १०० पौंड कमी, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. ते आकडे आज कोणी पाळू नयेत, पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. चढाला ओझं कमी करायचं, आणि ज्या खेचरांनी एकत्र जायचं ती एकमेकांच्या ओळखीची असावीत.

ही दुसरी गोष्ट आम्ही खेचरवाल्याला पहिल्याच भेटीत विचारली. सगळ्यात देखणी दोन नकोत, एकमेकांशेजारी उभी राहून शांत चरणारी दोन द्या. त्याने मला एक करडं आणि तिला एक तांबूस दिलं. दोघं १४ वर्षांची, ९ वर्षं एकाच गोठ्यातली. खेचर नीट राखलं तर ३० वर्षांपुढेही जगतं, तेव्हा १४ म्हणजे ऐन कामाचं वय. तीन-चार वर्षांचं कोवळं जनावर डोंगरात बसायला कधीच घेऊ नये. सामानाचं तिसरं खेचर खेचरवाल्याच्या हाती होतं. तुम्ही घोड्याखेचरांत वाढलेले नसाल तर जाणता खेचरवाला बरोबर असलाच पाहिजे. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

निवडताना खेचराला सपाट, टणक जमिनीवर तुमच्यापासून दूर आणि परत तुमच्याकडे चालवून बघा. डोकं प्रत्येक पावलाला वरखाली होत असेल तर कुठला तरी पाय दुखतो आहे. चारही खूर उचलू देतं का बघा. पाठीवरून खांद्यापासून कमरेपर्यंत बोटांनी दाबत जा. कातडी थरथरली किंवा पाठ खाली गेली तर तिथे दुखापत आहे. पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुन्या खोगिराने काढलेल्या जखमा. आणि नाल कधी ठोकले ते विचारा. नालबंदी ६ ते ८ आठवड्यांनी करावी लागते, आणि प्रवासाच्या साधारण आठवडाभर आधी झालेली उत्तम, म्हणजे एखादा खिळा टोचत असेल तर घरीच कळतं.

वजनाचा हिशेब काट्यावरच करा. स्वार, खोगीर आणि खोगिराला लटकवलेलं सगळं मिळून जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. माझं करडं सुमारे ४०० किलोचं, म्हणजे ८० किलो ही सीमा. मी कपड्याबुटांसकट ६३, खोगीर आणि खालची घडी १२. उरले ५. त्यात पाणी, पावसाळी अंगरखा, औषधं आणि टॉर्च. बाकी सगळं तिसऱ्याच्या पाठीवर. सामानाच्या दोन गोण्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या हव्यात, आणि सारख्या म्हणजे अंदाजाने नव्हे. आम्ही स्प्रिंगचा हातकाटा नेला होता आणि रोज सकाळी दोन्ही गोण्या टांगून बघायचो. एक किलोचा फरक दुपारपर्यंत खोगीर एका बाजूला ओढतो आणि संध्याकाळी पाठीवर घासल्याची जखम दिसते.

खोगीर, तंग, दुमची

खेचराच्या पाठीत आणि घोड्याच्या पाठीत फरक आहे. घोड्याला मानेच्या मुळाशी खांद्यावर उंचवटा असतो, खोगीर त्याला अडतं. खेचराचा तो उंचवटा बसका आणि पाठ सपाट. त्यामुळे घोड्याचं खोगीर खेचरावर टाकलं तर उतारावर ते पुढे घसरत मानेवर जातं, आणि तुम्हीही त्याच्याबरोबर. म्हणून शेपटीखालून जाणारी दुमची किंवा मांड्यांच्या मागून फिरणारा रुंद पट्टा हवाच. बसायच्या खेचराला दुमची चालते. ओझ्याच्या खेचराला मागचा रुंद पट्टाच बरा, कारण निर्जीव ओझं उतारावर सगळा जोर लावून पुढे ढकलतं. दुमची शेपटीच्या मुळाशी घट्ट नको, एक हात आडवा जाईल इतकी सैल. आणि तिच्यात अडकलेले केस बाहेर काढा. एक केस ओढला गेला तरी दिवसभर टोचत राहतो.

तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, दोन बोटं जातील इतका आवळा. मग खेचराला १५-२० मिनिटं चालवा आणि पुन्हा बघा. श्वास सोडल्यावर आणि घडी दबल्यावर तंग हमखास सैल झालेला सापडतो. दर चढाच्या सुरुवातीला आणि दर उताराच्या आधी उतरून तंग बघायची सवय आम्ही लावून घेतली. ती आम्हाला दिवसातून ८-१० वेळा पायउतार करवत होती, आणि आमच्या गुडघ्यांना तेच हवं होतं.

रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, पायाचा चवडा असावा, टाच खाली. बुटाला बोटभर टाच हवी. सपाट तळाचा बूट रिकिबीतून आरपार जातो, आणि खेचर बुजलं तर माणूस लटकून ओढला जातो. आणखी एक गोष्ट, जी मी नव्या माणसाला दोनदा सांगते. दोरी हाताला गुंडाळायची नाही. कधीच नाही. घडी करून मुठीत धरा, म्हणजे सोडता येते.

ओझ्याची खेचरं एकापेक्षा जास्त असतील आणि एकामागे एक बांधायची असतील, तर पुढच्याच्या खोगिराला आधी पातळ सुतळीचा एक फास घाला आणि मागच्याची दोरी त्या फासाला बांधा. मागचं घसरलं तर सुतळी तुटते आणि पुढचं वाचतं.

आपलं शरीर

आम्हाला दोघींना वाटत होतं की खेचर चालणार, आपण बसणार. २ तास बसून उतरलं की कळतं. निघण्याआधी दीड महिना आठवड्यातून ३ वेळा आम्ही स्वारीचा सराव केला, पहिल्या आठवड्यात ४५ मिनिटं, शेवटी ३ तास. रिकिबी नेहमीपेक्षा एक भोक लांब ठेवल्या की गुडघा कमी दुमडतो आणि कमी दुखतो. दर तासाला १० मिनिटं पायी चालायचं, शक्यतो सपाटीवर. सांधे बदललेले असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारताना डोंगरात जाते आहे एवढंच सांगू नका. जनावरावरून पडण्याची शक्यता आहे, असं सांगून विचारा. प्रश्न वेगळा पडतो आणि उत्तरही. हेल्मेट घाला.

वेळेचा हिशेब करताना आम्ही एक जुना नियम वापरला. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये तो सांगितला. आजच्या मापात सपाटीला ताशी ५ किलोमीटर धरा आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास वाढवा. तो चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचा आहे. खेचराचं चालणं जवळपास त्याच गतीचं, पण तंग बघणं, पाणी पाजणं, उतरणं-चढणं धरलं की आलेल्या उत्तराची दीडपट करायची. आमचा पहिला दिवस १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाचा. हिशेबाने ३ तास २४ मिनिटं, दीडपट केल्यावर ५ तासांहून थोडं जास्त. प्रत्यक्षात साडेपाच लागले. विशीत आम्ही हेच अंतर दुपारच्या आत संपवून पुढे जायचो. तो आकडा डोक्यातून काढून टाकावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

खेचरावर बसलेल्याला दम लागत नाही, म्हणून उंची कळत नाही. हे मला धोक्याचं वाटतं. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास बसून गेलेल्यालाही होतो. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावर नेऊ नये आणि ३-४ दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली.

वाटेवर

चढाला कमरेतून थोडं पुढे वाका, उताराला सरळ बसा आणि वजन रिकिबीत ठेवा. लगाम सैल असू द्या. खेचर उतारावर मान खाली घालून पाय कुठे टाकायचा ते बघतं. लगाम ओढून धरला तर त्याचे डोळेच धरल्यासारखे होतात. दोन खेचरांत एका खेचराच्या लांबीचं, म्हणजे अडीच-तीन मीटरचं अंतर ठेवा. हळू चालणारं पुढे.

समोरून चालत येणारे भेटले तर त्यांना उताराच्या बाजूला थांबायला सांगा आणि काहीतरी बोलत राहायला सांगा. बुजलेलं खेचर वरच्या बाजूला सरलं तर निभावतं. आणि पाठीवर मोठी पिशवी घेतलेला माणूस बोलला की त्याला तो माणूस आहे हे कळतं.

बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढे सकाळी ओलांडा. दिवसभर बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं. आधी खेचराला काठावर पोटभर पिऊ द्या, नाहीतर मध्यावर थांबून ते पिईल. पाण्यात शिरताना पाय रिकिबीत जरासेच ठेवा, नजर समोरच्या काठावर. वाहत्या पाण्याकडे बघत राहिलं की चक्कर येते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. धार सोडा, खाली उतरा, खेचरावरून पायउतार व्हा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा धारेवर जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खिंडीखालच्या वळणावर आलो. तिथे मुख्य वाट मोठा वळसा घेते. पण आमची एक वाट होती, सोंडेच्या पोटातून तिरकी जाणारी, आम्ही दोघींनी शोधलेली. तिने ४० मिनिटं वाचायची. दोघींच्या कोऱ्या कागदांवर ती अगदी एकसारखी होती, वळणासकट. समोर गवताळ, हिरवी, सुरेख दिसत होती. मी करड्याला तिकडे वळवलं. त्याने दोन पावलं टाकली, मान खाली नेली, गवत हुंगलं, कान पुढे टवकारले आणि थांबलं. मी टाच लावली. हललं नाही. पुन्हा लावली. मला राग आला. ही आमची वाट होती.

मागून मैत्रीण म्हणाली, “अगं, उतर. ते काहीतरी बघतंय. तूही बघ.”

मी उतरले. काठी घेऊन पुढे गेले. विसेक पावलांवर काठी गवतातून थेट मुठीपर्यंत आत गेली. खालची माती पाण्याने कधीच वाहून नेली होती. वर फक्त मुळांनी धरलेली गवताची साय राहिली होती आणि तिच्याखाली घळ.

खेचर थांबलं की काय करायचं, ते त्या दिवसापासून मी असं सांगते. आधी कान बघा. कान पुढे, नजर एका जागी, नाकपुड्या फुललेल्या, तर त्याला समोर काही दिसलं आहे किंवा वास आला आहे. उतरा आणि पायी जाऊन तपासा. कान मागे, शेपूट झटकतंय, मान वळवून पोटाकडे किंवा खोगिराकडे बघतंय, तर दुखतंय. तंग, घडी, खूर तपासा, खुरात दगड अडकलेला असतो. मान मागे वळवून ओरडतंय, तर जोडीदार दिसेनासा झाला आहे, त्याला येऊ द्या. या तिन्हींतलं काहीच नसेल, तर ते दमलं आहे. जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चौपट करा. १० मिनिटं थांबूनही ६४च्या खाली येत नसतील तर दिवस तिथेच संपवा. मारून पुढे नेणं हे या यादीत कुठेच बसत नाही.

अरुंद वाटेवर मागे वळवायचं असेल तर आपण आधी उतरायचं आणि खेचराचं तोंड दरीच्या बाजूने वळवायचं. उलटं वाटतं, पण असं वळवलं की कडा कुठे आहे ते त्याला डोळ्यांनी दिसतं आणि मागचे पाय डोंगराच्या बाजूला राहतात.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी आपापल्या कागदावरून ती वाट खोडरबराने पुसली. मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही.

दोघींचं

जुन्या मैत्रिणीबरोबर जाणं हे त्या वयातल्या मैत्रिणीबरोबर जाणं नसतं. ती आता सकाळी सावकाश उठते. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मला हे फोनवर कळलं नव्हतं, कारण फोन ती उजव्या कानाला लावते. निघण्याआधी एकमेकींच्या तब्येतीचं सगळं मोकळेपणी बोला. आम्ही एकमेकींची औषधांची यादी, मात्रा आणि वेळांसकट, स्वतःच्या खिशात ठेवली होती. ऐकण्याचा प्रश्न शिट्टीने सुटला. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे ये. खऱ्या संकटाची खूण आल्प्समध्ये रूढ झालेली, मिनिटात ६ वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा ६.

एक नियम पहिल्याच रात्री केला. दोघींपैकी कोणीही “वळू या” म्हणाली की वळायचं, कारण विचारायचं नाही. कारण रात्री, मुक्कामाला. तिने तो एकदा वापरला, चौथ्या दिवशी, वरच्या पठाराच्या कडेला. मला पुढे जायचं होतं. तिथून पलीकडची दरी दिसते, जी बघायला मी ३१ वर्षं थांबले होते. आम्ही वळलो. रात्री तिने सांगितलं की शेवटच्या अर्ध्या तासात तिला डाव्या पायाची रिकीब जाणवत नव्हती. पाय बधिर झाला होता आणि सांगितलं तर मी चालत जाऊ या म्हणेन, अशी तिला भीती होती. मी तसंच म्हटलं असतं.

वाटेवर गप्पा होत नाहीत, हे आम्हाला माहीत नव्हतं. पुढचीच्या पाठीशी बोलता येत नाही, आणि ओरडून बोललं तर खेचरांचे कान मागे वळतात आणि त्यांचं लक्ष पायांवरून उडतं. सुरुवातीला मला हे जड गेलं, इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. मग लक्षात आलं की दिवसभर गप्प राहून संध्याकाळी बोललेलं जास्त खरं असतं. पुढची-मागची दर तासाला बदला. मागे धूळ असते, पुढे जबाबदारी.

जुन्या फोटोची जागा

आमच्याकडे एक कृष्णधवल फोटो होता, एका मोठ्या खडकावर दोघी, मागे कंगोऱ्यांची धार. ती जागा शोधायची होती. खडक आठवतो म्हणून शोधू नका. हिमनद्या किती मागे सरल्या ते बघणारे अभ्यासक जुन्या छायाचित्राची जागा ज्या रीतीने शोधतात ती वापरा. फोटोत जवळची एक वस्तू आणि तिच्या थेट मागे दिसणारी दूरची एक वस्तू निवडा, दोन्ही न बदलणाऱ्या, म्हणजे खडक आणि सुळका, झाड नको. प्रत्यक्षात त्या दोन्ही एका रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. आता तुम्ही एका रेषेवर आहात. मग फोटोच्या दुसऱ्या बाजूची अशीच एक जोडी घ्या आणि पहिली रेषा न सोडता पुढे-मागे व्हा. दोन्ही जोड्या एकदम जुळतात ती जागा कॅमेऱ्याची. शक्य तर महिना आणि दिवसाची वेळही तीच ठेवा, नाहीतर सावल्या फसवतात.

आम्हाला पाऊण तास लागला. खडक आमच्या दोघींच्या आठवणीपेक्षा ओढ्यापासून पुष्कळ लांब होता, म्हणजे ओढ्याबद्दल आम्ही दोघीही चुकलो होतो. खेचरवाल्याने फोटो काढला. करडं आणि तांबूस त्यात मागे चरताना दिसतात.

मुक्काम

मुक्काम आणि खेचरं बांधायची जागा पाण्यापासून ६० मीटर दूर ठेवा. झाडाच्या बुंध्याला थेट बांधू नका, खेचर रात्रभर साल सोलतं आणि मुळं उकरतं. दोन जाड झाडांना रुंद पट्टे गुंडाळा, त्यांच्यामध्ये डोक्याच्या वर दोरी ताणा आणि म्होरकीची, म्हणजे तोंडाभोवतीच्या पट्ट्याची, दोरी तिला बांधा. लांबी अशी की तोंड जमिनीपर्यंत जेमतेम पोचेल पण पाय दोरीत अडकणार नाही. गाठ एका झटक्यात सुटणारी.

४०० किलोच्या खेचराला दिवसाला ६ ते ८ किलो सुका चारा आणि २० ते ४० लिटर पाणी लागतं. तोबऱ्यातून धान्य द्यायचं तर मूठ-दोन मूठ. दमलं आहे म्हणून भरपूर धान्य घालणं ही माया नाही. जास्त धान्याने खेचराचे खूर आतून सुजतात आणि ते लंगडं होतं. मीठ मात्र रोज. चारा बाहेरून नेणार असाल तर त्यात तणाचं बी नको, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ते तण तुमच्या डोंगरात उगवेल. कित्येक संरक्षित जंगलांत असा बीविरहित चाराच नेता येतो, निघण्याआधी तिथले नियम विचारा. निघताना शेण पसरून टाका, खुरांनी उकरलेले खड्डे बुजवा.

मुक्कामाला पोचल्यावर खोगीर लगेच ओढून काढायचं नाही. आधी तंग दोन भोकं सैल करा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, पाठीत रक्त हळूहळू परत येतं. मग खोगीर उतरवा. घामाचा डाग घडीखाली दोन्ही बाजूंना सारखा ओला असावा. मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे खोगीर सगळ्यात जास्त दाबतं आहे, उद्या घडी बदलून घाला. तंगाखाली, दुमचीखाली, कोपरामागे हात फिरवा. चारही खूर उचलून साफ करा.

आणि खरारा, म्हणजे अंग घासून साफ, करायच्या आधी म्होरकीची दोरी लांब सोडून त्याला मऊ मातीत उभं करा. शेवटच्या संध्याकाळी करड्याने दोनदा वास घेतला, पुढचे गुडघे टेकले, धाडकन आडवं झालं आणि चारही पाय हवेत करून या कुशीवरून त्या कुशीवर लोळलं. तांबूस आपली पाळी येईपर्यंत बाजूला उभं होतं. मैत्रीण माझ्याशेजारी खोगिरावर बसून तिच्या कागदावर ओढा योग्य जागी काढत होती, आणि खाली आजची तारीख घालत होती.